खिडकीमागची माणसं : कर्मचारी सल्लागार गटाच्या नोंदी

राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठात विद्यार्थी विकास विभागात कक्ष अधिकारी म्हणून काम करताना ठेवलेल्या वहीतून. माणसांची आणि गावांची नावं काढून टाकली आहेत.

३ जुलै २०२४

संचालकांनी (विद्यार्थी विकास) केबिनमध्ये बोलावलं. विद्यार्थी सेवांचे निर्णय घेताना कर्मचाऱ्यांचं म्हणणं आपल्या कानावर यावं, अशी काहीतरी व्यवस्था करा म्हणाले. टिपणी तुम्ही ठेवा, सदस्य-सचिवही तुम्हीच.

मी आधी एवढंच विचारलं, समिती की गट? समिती म्हटली की विषय प्राधिकरणापुढे जातो, मग रचना, मुदत, बैठक भत्ता, आणि तोवर दिवाळी उजाडते. गटाला कुलगुरूंची मान्यता आणि एक कार्यालयीन आदेश पुरतो. गट ठरला.

टिपणीला आधार म्हणून यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम काढून वाचले. समितीचा अध्यक्ष प्राध्यापक, सोबत चार प्राध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक, आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित. अहवाल १५ कामकाजाच्या दिवसांत. समाधान झालं नाही तर लोकपालांकडे अपील. रचना चांगलीच आहे, पण तिच्यात खिडकीवर बसणारं कुणी नाही. शिवाय ती हलते तक्रार आल्यावर. लेखी तक्रार येईपर्यंत तीच अडचण आमच्या लिपिकाने कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलेली असते, आणि ती कुठे सांगायची हे त्याला माहीत नसतं. टिपणीत हेच लिहिलं, जरा सभ्य भाषेत.

११ जुलै

८ जुलैच्या शासन निर्णयाने शिष्यवृत्ती कक्षात माणसांची रीघ लागली आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. गावोगाव मात्र पोचलं ते असं, की मुलींचं शिक्षण फुकट झालं. बी.ए.ला असलेल्या मुलीचे वडील रांगेत उभे राहून भरलेली फी परत मागत होते. लिपिकाने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, व्यावसायिक अभ्यासक्रम म्हणजे काय ते सांगितलं, आणि मुलीला दुसऱ्या कोणत्या योजनेतून काय मिळू शकतं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. पंधरा मिनिटं गेली. मागची रांग कुरकुरत होती.

संचालकांना दुपारी म्हटलं, या लिपिकाला विचारून एक पानाचं पत्रक काढलं असतं तर महाविद्यालयांतच निम्मी गर्दी थोपली असती. ते म्हणाले, म्हणूनच गट. मग तो लवकर करा, असं मी म्हटलं नाही, कारण टिपणी माझ्याच टेबलावर होती.

१८ जुलै

विभागांकडून नावं मागवली होती. आली. सगळे उपकुलसचिव, सहायक कुलसचिव आणि एक अधीक्षक. ही मंडळी संचालकांना दर सोमवारी भेटतातच. त्यांचाच आणखी एक गट करून काय मिळणार? यादी परत पाठवली आणि सोबत लिहिलं : विद्यार्थ्याशी रोज समोरासमोर बोलणारी व्यक्ती हवी, पद कोणतंही चालेल.

खरी अडचण पुढे आली. चौकशीच्या खिडकीवर आणि शिष्यवृत्तीच्या संगणकावर बसणारी बरीच मुलं-मुली आमची नाहीतच, एजन्सीची आहेत. बाह्यस्रोत. आस्थापना विभाग म्हणाला, त्यांची नावं कार्यालयीन आदेशात आली तर उद्या तोच कागद घेऊन कोर्टात जातील, आम्हाला कायम करा म्हणून. भीती अगदीच निराधार नाही. पण महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा, अर्ज नेमका कुठे अडकतो हे ज्याला तोंडपाठ आहे, त्यालाच बाहेर ठेवायचं? दोन दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फाईल फिरवल्यावर तोडगा निघाला. आदेशात सदस्य फक्त विद्यापीठाचे कर्मचारी. एजन्सीकडचे दोघं विशेष निमंत्रित, नावाने नव्हे, ‘खिडकी क्रमांक अमुकवर कार्यरत व्यक्ती’ असे.

तडजोडच आहे. पण बैठकीत खुर्ची मिळाली.

२५ जुलै

संघटनेचे पदाधिकारी चहाला आले, म्हणजे विचारायला आले. फेब्रुवारी २०२३ मधला शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा परीक्षा कामावरचा बहिष्कार आणि नंतरचा संप कुणी विसरलेलं नाही. त्यांची शंका सरळ होती : उद्या प्रशासन म्हणेल, कर्मचाऱ्यांशी चर्चा झाली आहे, गट आहे ना.

शंका रास्त वाटली. टिपणीत वाक्य घातलं की वेतन, पदोन्नती, बदली, आश्वासित प्रगती योजना यांपैकी काहीही या गटापुढे येणार नाही. ते संघटनेचं काम. जाता जाता त्यांनी जे सुचवलं ते मात्र मला सुचलं नव्हतं. म्हणाले, “बैठकीत तोंड उघडणाऱ्याचा गोपनीय अहवाल त्याच विभागप्रमुखाच्या हातात असतो. त्याचं काय करणार?”

त्यावरून इतिवृत्ताचा नियम ठरला. मुद्दा लिहायचा, कुणी मांडला ते लिहायचं नाही.

६ ऑगस्ट

आदेश निघाला. अकरा सदस्य, दोन निमंत्रित. पात्रता (प्रवेशाची कागदपत्रं तपासणारा विभाग), शिष्यवृत्ती, परीक्षा चौकशी, वसतिगृहं, आरोग्य केंद्र, ग्रंथालय, कमवा व शिका, क्रीडा. शिवाय प्रशासकीय इमारतीच्या दाराशी बसणारे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात.

तीन अटी मी आग्रहाने घातल्या. इतिवृत्तात नावं नाहीत. बैठक कार्यालयीन वेळेत, आणि त्या वेळेपुरता खिडकीवर बदली माणूस. तिसरी, प्रत्येक शिफारशीवर संचालकांनी १५ कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यायचं : मान्य, अमान्य असेल तर कारण, किंवा कुणाकडे पाठवलं ते. मुदत यूजीसीच्या विनियमांतून उचलली. विद्यार्थ्याला जी मुदत, तीच आपल्या माणसाला.

संचालक या तिसऱ्या अटीपाशी थबकले. “यात मीच बांधला जाईन.” मी गप्प राहिलो. सही दोन दिवसांनी झाली.

२१ ऑगस्ट

पहिली बैठक. अर्धा तास सगळं छान चाललं होतं, म्हणजे सगळे ‘छान चाललंय’ म्हणत होते. संचालक समोर असल्यावर दुसरं काय म्हणणार. शेवटी मामा बोलले. पात्रता विभाग वरच्या मजल्यावर गेला त्याला वर्ष होऊन गेलं, पण दारावरच्या फलकावर अजून खिडकी चारच आहे. पोरं चारला रांग लावतात, नंबर आला की त्यांना वर पाठवतात, वर पुन्हा रांग. “मी बोटाने दाखवतो, पण जेवायला गेलो की कोण दाखवणार?”

संचालकांनी तिथूनच बांधकाम विभागाला फोन लावला. फलक बदलायला परवानगीची गरज आहे का, यावर दोन मिनिटं बोलणं झालं. संध्याकाळी जुन्या फलकावर कागद चिकटला. रंगवलेला फलक यथावकाश.

त्यानंतर मात्र लोक बोलायला लागले.

५ सप्टेंबर

प्रत्येकाला एक दोनशे पानी वही दिली. खिडकीवर येणारा प्रश्न विद्यार्थ्याच्या शब्दांत लिहायचा. आपलं मत नको, उत्तरही नको. काहींनी कुरकुर केली, पण लिहिलं. आज चाळून पाहिल्या. काही ओळी :

“सर, महाडीबीटीला कॉलेज लेव्हल पेंडिंग दाखवतंय. कॉलेज म्हणतंय विद्यापीठाकडे आहे.”

“पैसे जमा झाले असा मेसेज आला, पण कोणत्या बँकेत? आधार कुठे लिंक आहे तेच माहीत नाही.”

“दहावीच्या गुणपत्रकात ज्ञानेश्वर ‘डी’ने सुरू होतो, आधारवर ‘जी’ने. कुठलं खरं धरणार?”

“गॅपचं अॅफिडेव्हिट कुठं करायचं? वकील लागतो का?”

“मॅडम, दोनची एसटी गेली तर पुढची साडेपाचला आहे.” याला प्रश्नही म्हणता येणार नाही, पण लिपिकाने लिहून ठेवलं ते बरं केलं.

नावांचा गोंधळ सगळ्या वह्यांत आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही येणार, असा राज्याचा निर्णय झालाच आहे. ती मुलं आमच्या खिडकीवर २०४२ च्या सुमारास येतील. तोवर संगणकात चार रकान्यांची सोय झालेली असेल अशी आशा.

१९ सप्टेंबर

परवाच विसर्जन झालेलं, निम्म्यांचे आवाज बसलेले. तरी आजवरची सर्वांत कामाची बैठक. विषय एकच झाला, गॅप सर्टिफिकेट.

पात्रतेच्या मॅडमनी अर्ज सोबतच आणला होता. बारावीनंतर दोन वर्षं कुठेतरी कामाला गेलेला मुलगा पुन्हा बी.कॉम.ला येतो. त्याने १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र द्यायचं. मजकूर काय? तर ‘मधल्या काळात मी अन्यत्र कुठेही प्रवेश घेतला नव्हता.’ बस्स. त्यासाठी तो तालुक्याला जातो, स्टॅम्प घेतो, तहसीलबाहेरच्या टंकलेखकाला पैसे देतो, नोटरीकडे सही-शिक्का, मग एसटीने इथे. एक दिवसाचा रोज बुडतो. मॅडमनी टेबलावर एक खरं प्रतिज्ञापत्र ठेवलं. टंकलेखकाने आधीच्या कुणाचा तरी मजकूर पुढे चालवलेला, त्यामुळे वर नाव मुलाचं आणि खाली ‘माझे पती’ असा उल्लेख. सही झालेली, शिक्का बसलेला, फाईलला लागलेला. कुणी वाचलंच नव्हतं.

मग आम्ही मागे मागे शोधत गेलो. ही अट कुणाची? शासनाची नाही. राज्याने बऱ्याच कामांसाठी २०१५ मध्येच स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकन आणलं. यूजीसीचीही दिसली नाही. सापडली ती आमच्याच माहितीपुस्तिकेत, आणि दरवर्षी आधीच्या वर्षीची पुस्तिका समोर ठेवून नवी छापली जाते. गंमत म्हणजे एप्रिल २०२२ पासून यूजीसी विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन पदव्या करू देते, एक प्रत्यक्ष आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा वेळा जुळत असतील तर दोन्ही प्रत्यक्ष. मग ‘अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता’ हे नोटरीसमोर शपथेवर वदवून आपण नक्की काय पकडतो?

शिफारस क्रमांक १ : गॅपसाठी साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र.

१० ऑक्टोबर

मुदत उलटूनही उत्तर नव्हतं. स्मरणपत्र दिलं. स्वतःच्याच साहेबांना स्मरणपत्र पाठवताना हात जरा अडखळतो, पण आदेशावर त्यांचीच सही आहे. दुपारी उत्तर आलं : विधी कक्षाकडे अभिप्रायार्थ. विधी कक्ष म्हणतो, दुहेरी प्रवेशाचा धोका.

मॅडमचं म्हणणं असं, की पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक आहे, आधारला जोडलेला एबीसी (श्रेयांक बँकेचा) आयडी आहे, दुहेरी प्रवेश दिसायचा तर तिथे दिसेल. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत प्रतिज्ञापत्राने एकही पकडून दिलेला नाही. हे विधी कक्षाला जसंच्या तसं लिहून पाठवलं, फक्त ‘इतक्या वर्षांच्या नोकरीत’ एवढं काढून. त्यावरून माणूस ओळखू आला असता.

१७ ऑक्टोबर

काल, १६ तारखेपासून, राज्यात किमान मुद्रांक शुल्क ५०० रुपये झालं. शंभराचा स्टॅम्प आता जुना झाला.

सकाळी अकराला खिडकीवर एक मुलगा. हातात गॅपचा कोरा नमुना, त्यावर आमच्याच छपाईत ‘रु. १००/- च्या मुद्रांकावर’. स्टॅम्पवाल्याने त्याला पाचशे सांगितले, तो तसाच इकडे आला. शासकीय कार्यालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे ही गोष्ट जुनीच, पण स्टॅम्पवाला, टंकलेखक, नोटरी आणि आमची पुस्तिका या चौघांनाही ती मानवत नाही. विद्यापीठ त्या माफीत बसतं का, यावर विभागातल्या तिघांची तीन मतं. मुलगा ऐकत उभा. मॅडम त्याला म्हणाल्या, “अर्ज ठेवून जा बाळा, कागदाचं आम्ही बघतो. फोन नंबर लिही.”

अडीच वाजता संचालक स्वतः विधी कक्षात गेले. सप्टेंबरात उचललेला विषय ऑक्टोबरात पेटला. आधी शिफारस झाली नसती तर आज फक्त ‘शंभर’ खोडून ‘पाचशे’ छापलं असतं, याची मला खात्री आहे.

१४ नोव्हेंबर

बैठक रद्द. मतदान २० तारखेला, गटातले बरेच जण निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. मामा एकटे आले होते. चहा पिऊन गेले.

२८ नोव्हेंबर

परिपत्रक निघालं. गॅपसाठी स्वयंघोषणापत्र, साधा कागद, नमुना सोबत जोडला आहे. संलग्न महाविद्यालयांनाही लागू.

परिपत्रक काढलं म्हणजे काम झालं असं समजणारा नवखा. संध्याकाळपर्यंत महाविद्यालयांतून फोन : “साहेब, फाईलला स्टॅम्प नसला तर ऑडिटला काय दाखवायचं?” छापून ठेवलेले जुने नमुने कुणी टाकत नाही. एजन्सीकडच्या निमंत्रिताने डोकं चालवलं. ऑनलाइन अर्जातला ‘प्रतिज्ञापत्र अपलोड करा’ हा रकानाच बदलून घेतला आणि तिथे नवा नमुना चढवला. जुना जोडायचा म्हटलं तरी जागा नाही. हे आधीच करायला हवं होतं, असं संगणक विभाग म्हणाला. नेहमीप्रमाणे.

१२ डिसेंबर

अमान्य झालेली पहिली शिफारस. दुपारी एक ते दोन खिडकी बंद ठेवू नये, असं गटाचं म्हणणं होतं, दोनच्या एसटीमुळे. संचालकांनी लेखी कारण दिलं : दोन खिडक्यांवर एकेकच माणूस, मंजूर पदं रिकामी, जेवणाची सुट्टी तोडता येणार नाही. पर्याय म्हणून, साडेबाराला रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठी द्यायची आणि चिठ्ठी असलेल्यांचं काम संपल्यावरच खिडकी बंद करायची. लिपिकांनी हे मान्य केलं. जेवण थोडं मागे जाईल. मला वाटलं होतं लोक नाराज होतील. झाले नाहीत. कारण कळलं की माणूस पुष्कळ सोसतो. कागद अनुत्तरित पडून राहिला की चिडतो.

वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमनी वेगळाच विषय काढला. मेसच्या कार्डावर तीन-चार दिवस शिक्का नाही, मुलगी खोलीत आहे, गावी गेलेली नाही. हे पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या बाईंच्या लक्षात येतं. त्यांनी कुणाला सांगायचं? वॉर्डनला सांगितलं तर ते घरी फोन करतात, आणि कधीकधी अडचण घरीच असते. समुपदेशक म्हणाल्या, याद्या बिलकुल करू नका, मुली शिक्के मारून घेतील आणि ताट तसंच ठेवतील. बराच वेळ बोलणं झालं, ठरलं थोडं : बाईंनी थेट समुपदेशकांना तोंडी सांगायचं, कागद नाही. आणि कार्डाच्या मागे टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि रॅगिंगविरोधी १८००-१८०-५५२२ हे नंबर छापायचे. बाकीचं जानेवारीत.

या विषयाचं इतिवृत्त मी दोन ओळींत संपवलं. लिहिण्यासारखं होतं, पण कागदावर नको होतं.

९ जानेवारी २०२५

संचालकपदाचा कार्यभार बदलला. नवे संचालक पदार्थविज्ञानाचे, मितभाषी. पहिल्याच भेटीत विचारलं, “हा गट कोणत्या कलमाखाली?”

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळ आहे, संचालक आहेत, सल्लागार गट नाही. गट उभा आहे तो एका कार्यालयीन आदेशावर आणि आधीच्या माणसाच्या इच्छेवर. हे मला जुलैपासून ठाऊक होतं आणि तेव्हा सोयीचंही होतं. आता तीच लंगडी बाजू आहे. मी कलमाचं बोललो नाही. फाईल पुढे ठेवली, गॅपच्या परिपत्रकावर खूण घालून. त्यात ते ‘माझे पती’वालं प्रतिज्ञापत्रही होतं, मुलाचं नाव झाकून. ते वाचून पहिल्यांदा हसले. फाईलवर शेरा आला : ‘चर्चा करावी.’

२३ जानेवारी

चर्चा झाली. नवे संचालक गट चालू ठेवायला तयार आहेत, पण १५ दिवसांच्या लेखी उत्तराची अट त्यांना ‘शक्यतो’ या शब्दासह हवी आहे. मी नको म्हटलं. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनीही, न विचारता, नको म्हटलं. शेवटी ते म्हणाले, सहा महिने आहे तसं चालवू, मग गट व्यवस्थापन परिषदेपुढे रीतसर ठेवू. म्हणजे समितीच्या वाटेला जाणं आलंच. जाऊ. आता दाखवायला फाईल आहे.

फेब्रुवारीची विषयपत्रिका आज लावली. उन्हाळी परीक्षेच्या अर्जाआधी नावातल्या फरकांसाठी एकच नमुना. मेसचा राहिलेला विषय. दारावरचा फलक, जो अजून रंगवलेला नाही. आणि एजन्सीचं कंत्राट ३१ मार्चला संपतंय, तेव्हा नव्या निविदेत अट हवी की खिडकीवरच्या माणसाला गटाच्या बैठकीसाठी सोडावं लागेल आणि त्या दिवसाचा पगार कापता येणार नाही. गेल्या दोन बैठकींचे त्या दोघांचे कापले होते, हे मला परवा मामांकडून कळलं. आस्थापनेला बैठकीचं निमंत्रण दिलं आहे. आले नाहीत तर निविदेचा मसुदा घेऊन मी त्यांच्या टेबलावर जाणार.